रेघेवरचं पाणी

ता. ३ नोव्हेंबर

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र डबीत आणि डबी कपाटात, असं करून ऐकू कसं येणार ते तूच जाणे. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे आमच्या घरातल्या बातम्या सगळ्या जिन्याला ऐकवणं. त्यापेक्षा पत्र बरं. इकडे सगळे बरे आहेत. शिंप्याच्या दुकानात शाळेच्या गणवेशांची गर्दी उसळलीय, दिवसभर बटणांची काजं करून बोटांची चाळण झालीय. ह्यांच्या कामाचं तेच. कुठल्या ना कुठल्या इमारतीची लिफ्ट अडकते आणि हे जेवणावरून उठून पळतात.

काळजी आहे ती भिंगरीची. लेक माझी दहा वर्षांची, आणि तिला तोंड आहे हे आता आठवून बघावं लागतं. तुला माहीतच आहे, ही पोर पूर्वी प्रश्न विचारून भंडावून सोडायची. दोन महिन्यांपूर्वी वर्गात तिने विचारलं की सावलीला वजन असतं का. अख्खा वर्ग हसला. विज्ञानाच्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांनाही हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून हिने जे तोंड मिटलंय ते मिटलंच. फळ्यावरचं उतरवून घेते, विचारलेलं पाठ म्हणते, की झालं. मी हिच्याच वयात अशी गप्प झाले होते आणि मग शाळाच नकोशी झाली. तू तेव्हा नोकरीच्या गावी होतास, तुला कुणी सांगितलं नसेल. हिचं तसं व्हायला नको रे.

आता शाळेत चौदा डिसेंबरला सहकुटुंब विज्ञानमेळावा आहे. बाईंनीच काढलाय. प्रत्येक कुटुंबाला एक टेबल. आई, बाप, मूल, सगळ्यांनी मिळून एक प्रयोग करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचा. हे ऐकल्यावर ह्यांनी हात वर केले. म्हणाले, मी नववीत शाळा सोडलेला माणूस, तिथे लोकांसमोर उभा राहून पोरीचं हसं करू का. मग मला तूच आठवलास. छत्तीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काढलीस. हमखास जमेल असा एखादा प्रयोग सुचव. ह्या खेपेला तिच्यावर कुणी हसता कामा नये, एवढंच बघ.

कळावे. लोभ आहेच, तो वेळेवर उत्तर देऊन दाखवावा.
तुझी,
धाकटी

---

ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे घे, पत्राच्या आधी पार्सल निघालं. आता म्हणशील दादा आळशी. खोक्यात माझी उभी काच आहे, म्हणजे उंच सरळ पेला, ती जिवापाड जप. तिच्यावर मी स्वतः काच कापायच्या हिरकणीने रेघा मारून पाच सारखे भाग केलेत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी काय हवं ते न्या म्हटलं, तर लोक घड्याळं नेतात, मी ही काच आणली. सोबत पसरट बशी, तांबड्या रंगाची पुडी आणि सहा मेणबत्त्या आहेत, सगळ्या एकाच मापाच्या कापलेल्या.

प्रयोग असा. बशीत मेणबत्ती उभी करायची, भोवती रंगीत पाणी ओतायचं, मेणबत्ती पेटवून वरून काच पालथी घालायची. थोड्या वेळात ज्योत विझते आणि पाणी काचेत चढून बरोबर पहिल्या रेघेवर थांबतं. हवेचे पाच भाग, त्यातला एक जाळणारा वायू. तो संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. बघणारे टाळ्या वाजवतात. छत्तीस वर्षांत माझं पाणी रेघेवर आलं नाही असं एकदाही झालेलं नाही. बाहेरून तपासनीस आले की साहेब म्हणायचे, बोलवा आपल्या रेघवाल्याला.

काच उतरवताना घाई नको. ज्योतीच्या वर धरून मनात चार आकडे मोजायचे आणि मग खाली. ते का, ह्यात तुम्ही शिरू नका, हाताच्या सवयीचा भाग आहे. भावोजींना म्हणावं, लिफ्टमध्ये माणसं चढवता-उतरवता, एक काच उतरवायला काय घाबरता. भिंगरीला चारदा सराव करायला लाव. कोण हसतो ते मी बघतो.

कळावे, माया आहे तशीच राहू द्यावी.
तुझा,
दादा

---

ता. २१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल धड पोचलं. हे ती काच इतका वेळ उलटीपालटी करून बघत राहिले की मला वाटलं तडा गेलाय. तर म्हणाले, इतक्या सारख्या रेघा हाताने मारणाऱ्या माणसाला आमच्या लिफ्टच्या कंपनीत डोक्यावर घेतलं असतं. हे तुझं कौतुक लगेच कळवते, कारण पुढचं वाचून तुला बरं वाटणार नाही.

पाणी रेघेवर येत नाही. पहिल्या दिवशी रेघेच्या खालीच राहिलं. दुसऱ्यांदा वर गेलं. भिंगरीने चार मोजले, सहा मोजले, श्वास रोखून मोजले. जेव्हा बघावं तेव्हा वेगळं. मला आधी मजा वाटत होती, कारण पोर शाळेतून आली की दप्तर टाकून थेट बशीकडे. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, माझ्या हातालाच काही येत नाही, मामाचं एकदाही चुकलं नाही. आणि परवा तिची वही उघडून बघते तर काय, सगळे आकडे खोडून काढलेले, कागद पातळ होईपर्यंत घासलेला, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं की सातही वेळा पाणी पहिल्या रेघेवर आले. दादा, मला तिला ओरडताही येईना. मीही मुकाट तेच केलं असतं.

ह्यांच्या हाती ती वही लागली तेव्हा मला धडकीच भरली. आवाज चढवणारा माणूस नाही हा, पण त्या दिवशी चेहरा पडला. लिफ्टच्या मशीनखोलीत एक नोंदवही लटकवलेली असते, आज काय बिघडलं, काय केलं, ते सगळं तीत लिहायचं. ह्यांनी भिंगरीला जवळ घेऊन सांगितलं की त्या वहीत कुणी रबर चालवला तर त्याच दिवशी त्याला कामावरून उठवतात. कारण पुढचा माणूस त्या नोंदीच्या भरवशावर खालच्या खड्ड्यात उतरतो. चुकलं तर वरून एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी नवं लिहायचं. मग ह्यांनी तो कागद खिडकीशी धरला आणि उजेडात खोडलेला एकेक आकडा शोधून काढला. हे वाचून दाखवत होते, ती परत लिहीत होती. सातच्या सात सापडले.

नंतर म्हणाले, लिफ्ट कधी मजल्याच्या दोन बोटं वर थांबते, कधी दोन बोटं खाली. मी तिला शिव्या देत नाही, दोन्ही वेळा काय वेगळं होतं ते बघतो. झालं. दोघं बसले मुद्दाम वेगवेगळं करून बघायला. त्यातून जे निघालं ते भिंगरीच लिहितेय, सोबतचा कागद वाच. इतक्या दिवसांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न आहे आणि तो तुला विचारलाय. दादा, नीट उत्तर दे. तू लॅबमधला, तुला खरं काय ते माहीत असणार. मला फार आशा आहे.

लोभ कमी करू नये, रागही करू नये.
तुझी,
धाकटी

---

ती. मामास,
शि. सा. न.

तू मला रागावू नकोस. मी वहीत आधी खोटं लिहिलं होतं, आता खरं लिहिते.

एक मेणबत्ती आणि काच पटकन घातली तर पाणी रेघेच्या खूप खाली. चार मोजले तर रेघेच्या आसपास. दहा मोजले तर रेघेच्या वर. मग बाबा म्हणाले दोन मेणबत्त्या लावून बघू. पाणी दीड भागापर्यंत आलं. तीन लावल्या तर दुसऱ्या रेघेला जवळजवळ टेकलं. आम्ही प्रत्येक गोष्ट तीनतीनदा केली.

माझा प्रश्न असा आहे की हवेत जाळणारा वायू पाचातला एकच भाग आहे, तर तीन मेणबत्त्यांनी जवळजवळ दोन भाग कुठून खाल्ले? आणि दुसरं म्हणजे ज्योत जळत असताना पाणी फारसं चढतच नाही. विझल्यावर एकदम चढतं. वायू तर जळताना संपतो ना? आणि काच घातल्याघातल्या कडेखालून बुडबुडे बाहेर येतात ते कसले?

हे प्रश्न वेडगळ असतील तर फक्त आईला कळव, शाळेत सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

ता. २ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अकरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? तुझ्या शेजारच्यांकडे फोन केला तर ते म्हणाले, तू रोज सकाळी फिरायला जातोस आणि छान दिसतोस. म्हणजे दुखणं नाही. मग काय?

भिंगरी शाळेतून येताना जिन्याखालची टपालपेटी उघडते. आधी विचारायची, मामाचं आलं का. आता विचारत नाही, नुसती उघडून बंद करते. काल ह्यांना म्हणाली, आपण एकच मेणबत्ती लावू आणि चार मोजू, म्हणजे रेघेच्या जवळपास तरी येईल, प्रश्न-बिश्न नको. दादा, तुझं उत्तर चुकीचं असलं तरी चालेल, पण तुझं मौन तिला हसण्यासारखंच वाटतंय. मी स्पष्ट लिहिते म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, आणि घेतलंस तरी लिही.

कळावे. माया पातळ होऊ नये.
तुझी,
धाकटी

---

ता. ५ डिसेंबर

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण आजारपण नव्हतं, राग होता. तुझा कागद वाचला आणि मला वाटलं, काल आलेली चिमुरडी मला शिकवते. तो कागद उशीखाली ठेवला, तिथून काढला, परत ठेवला. शेवटी तुझ्या आईचं पत्र आलं. तिने मला लहानपणीसुद्धा कधी इतकं झापलं नव्हतं. म्हणून आता खरं लिहितो.

पाणी आपोआप रेघेवर येत नाही. मी आणत होतो. मी बावीस वर्षांचा होतो, नोकरीला दोन महिने झाले होते. बाहेरच्या पाहुण्यांसमोर पाणी रेघेच्या खालीच राहिलं आणि साहेब सगळ्यांदेखत मला बोलले. मग सुट्टीत मी एकटा लॅबमध्ये बसलो आणि रेघ गाठेपर्यंत करत राहिलो. मेणबत्ती किती उंच, वात किती मोठी, काच ज्योतीवर किती वेळ धरायची, सगळं ठरवलं. चार आकडे हे त्यातूनच आले. ते विज्ञान नव्हतं, ती माझ्या हाताची करामत होती. मुलं वहीत लिहायची, पाणी पहिल्या रेघेवर आले, आणि गुण मिळवायची. कुणाचं वेगळं आलं तर मी हळूच जाऊन त्याची काच परत उतरवून द्यायचो. ती मुलं मला दुवा द्यायची. मीही स्वतःवर खूश.

मेणबत्त्या वाढवल्या की पाणी वाढतं हे मी फार पूर्वी बघितलं होतं. मोठ्या साहेबांना एकदा विचारलंही होतं की असं का होतं. ते म्हणाले, तुमचं काम काचा धुण्याचं आहे. त्यानंतर मी काचा धुतल्या.

तेव्हा तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही, माझाच हात वळण लागून बिघडलेला होता. प्रश्न वेडगळ नाहीत. मी काल स्वतः तीन मेणबत्त्या लावून बघितल्या आणि बुडबुडे मलाही दिसले. इतकी वर्षं तिथे बसून मी फक्त रेघेकडे बघत होतो, कडेखाली बघितलंच नाही. मेळाव्यात काय करायचं ते तू आणि बाबा ठरवा. काच आता तुझी, तुला वाटलं तर रेघा घासून टाक. बाबांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, तुमची नोंदवही आमच्या लॅबमध्ये असती तर बरं झालं असतं.

आशीर्वाद आहेतच, राग मात्र सगळा संपला.
तुझा,
मामा

---

ता. १५ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मेळावा काल पार पडला. आधी तुझ्याबद्दल सांगते. तुझं पत्र भिंगरीने तीनदा वाचलं आणि मग ह्यांच्याकडे दिलं. हे म्हणाले, असं लिहायला छाती लागते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. रेघा कुणी घासल्या नाहीत, त्यांच्याशिवाय मोजणार कसं.

शाळेच्या मोठ्या खोलीत चाळीसेक टेबलं होती. कुणाचे दिवे लागत होते, कुणाच्या ज्वालामुखीतून फेस येत होता. आमच्या टेबलावर बशी, काच, मेणबत्त्या आणि उघडी वही. मागे पुठ्ठा, त्यावर भिंगरीने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की पुस्तकात लिहिलंय तसं आमच्याकडे होत नाही, का ते आम्हाला माहीत नाही, बघून सांगा. मला धाकधूक होती. पहिल्या दहा मिनिटांत दोन बायका पुठ्ठा वाचून एकमेकींकडे बघून हसल्या. भिंगरीचा हात थांबला. मी काही बोलणार तेवढ्यात ह्यांनी, म्हणजे लोकांसमोर उभं राहायला घाबरणाऱ्या ह्यांनी, त्या दोघींच्या हातात एकेक मेणबत्ती दिली आणि म्हणाले, तुम्हीच करून बघा. त्यांनी केलं. दोघींचं वेगळं आलं. मग त्याच वाद घालायला लागल्या आणि अर्धा तास हलल्या नाहीत. त्यानंतर आमच्या टेबलाशी ही गर्दी.

बाई आल्या. त्यांनी वही पानापानाने बघितली, खोडलेल्या आकड्यांचं पानही बघितलं. भिंगरीने बुडबुड्यांचं विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या की मीही हे वर्षानुवर्षं पाचातला एक असंच शिकवत आले, मला विचार करावा लागेल. आणि मग दादा, काय झालं कुणास ठाऊक, माझ्याच तोंडून निघून गेलं की प्लास्टिकची बाटली गरम पाण्याने विसळून लगेच बूच लावलं तर थंड झाल्यावर ती आत चेपते, तसं तर नसेल? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं जमीन दुभंगावी. भिंगरी ओरडली की म्हणजे बुडबुडे ही गरम हवाच, ती आधीच बाहेर गेली, आणि उरलेली थंड होऊन आकसली म्हणून पाणी आत आलं, आणि तीन मेणबत्त्यांनी जास्त गरम झाली म्हणून जास्त आलं. बाईंनी खुर्ची घेतली आणि तिथेच बसल्या. हे खरं का ते तपासायचं कसं, ह्यावर बाई, हे आणि भिंगरी बोलत राहिले. मी, दुकानात काजं करणारी, मधे मधे बोलत होते. घरी येताना पोर रस्ताभर गप्प बसली नाही. माझे कान दुखले, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. भिंगरीने तुझ्यासाठी वेगळा कागद दिलाय, त्यात काय आहे ते मला दाखवलं नाही.

लोभ आहे तो वाढवावा, आणि सुट्टी काढून यावं. निवृत्त माणसाला कसली सुट्टी, पण तरी.
तुझी,
धाकटी

---

ती. मामास,
शि. सा. न.

आईने सगळं लिहिलंच असेल, म्हणून मी फक्त प्रश्न लिहिते.

१. मेणबत्ती न लावता नुसती काच गरम करून पालथी घातली तर पाणी चढेल का? बाई म्हणतात करून बघ, बाबा म्हणतात फडक्याने धर.

२. काचेत वायू खरंच किती संपला हे पाण्याशिवाय कसं मोजायचं?

३. तुझ्याकडच्या मुलांपैकी कुणाला आकडे वेगळे येतात हे कधी विचित्र वाटलं नाही का?

४. मोठे साहेब तुला तसं बोलले त्यावर तू त्यांना परत का नाही विचारलंस? मग ते गेल्यावर दुसरे साहेब आले असतील, त्यांनाही का नाही? छत्तीस वर्षं खूप असतात.

चौथा प्रश्न आईला दाखवला नाही. ती म्हणाली असती मोठ्यांना असं विचारू नये.

तुझी,
भिंगरी

---

ता. २० डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्याचं उत्तर: चढेल असं मला वाटतं, पण वाटण्यावर जाऊ नकोस. दुसऱ्याचं मला येत नाही. तिसऱ्याचं: वाटलं असेलही. पण मी इतका लगेच धावून जायचो की त्यांना वाटायला वेळच मिळाला नाही.

चौथ्यासाठी तीन दिवस बसलो. आधी लिहिलं की नोकरी जाईल अशी भीती होती. ते खरं आहे, पण फक्त पहिल्या दोन वर्षांपुरतं. नंतर नोकरी पक्की झाली होती आणि साहेबही बदलले होते, मला कुणी खाल्लं नसतं. तेव्हा मी विचारलं नाही, कारण माझा मान त्या रेघेवर होता. उत्तर मिळालं असतं तर रेघवाला कशाला हवा होता? म्हणून मी विचारलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण हे मला आजवर कुणी विचारलंच नाही. तू विचारलंस.

काल मी कानात यंत्र घालून कॉलेजात गेलो. विभागाचे आताचे साहेब अगदी पोरसवदा आहेत, माझ्याच हाताखालून गेलेले, मीच एकदा त्यांची काच परत उतरवून दिली होती. दारात उभा राहिलो आणि परत बावीस वर्षांचा झालो. तरी विचारलं. सर, मेणबत्त्या वाढवल्या की पाणी जास्त का चढतं, मला समजावून सांगाल का.

ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि म्हणाले, काका, मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल, म्हणून मी तुम्हाला विचारायला लाजायचो.

रविवारी सकाळी येतो. ते साहेबही यायचं म्हणतायत.

कळावे, भेटीतच बाकीचं.
तुझा,
मामा